उत्तरांचं पान

छापखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळ्यांची ती कॉमाताई. नाव ऐकून हसू नका, कमावलेलं नाव आहे ते. दिवसाला दोन-तीन हजार कॉमा तोंडाने म्हणायचे, तेही सव्वीस वर्षं, हे काही खायचं काम नाही.

काम काय, ते आधी सांगतो. पुस्तक छापण्याआधी कच्ची पानं निघतात, ती प्रुफं. ती तपासायला दोघं लागतात. एकाने लेखकाची मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची आणि चूक दिसली की लाल पेन चालवायचं. वाचणाऱ्याने सगळं वाचायचं, छोटं-मोठं अक्षर, टिंब, रेघ, कंस, काहीही गाळायचं नाही. म्हणजे पानावर एवढंसं वाक्य असलं तरी कॉमाताईच्या तोंडून ते असं निघायचं: "मोठा टी, दि टीचर, कॉमा, अलाँग विथ हर स्टुडंट्स, कॉमा, इज वेटिंग, फुलस्टॉप." शेजारच्या बांधणी विभागातल्या बायकांना हे इतकं पाठ झालं होतं की त्यांची भांडणंही फुलस्टॉपवर मिटायची.

समोर बसायचे ते मास्तर. तपासनीस. खिडकीपाशी त्यांची हातवाली खुर्ची, मध्ये उतरतं टेबल, आणि अलीकडे ताईचं बिनपाठीचं स्टूल. पान पक्कं झालं की मास्तर खाली लिहायचे, "छापायला हरकत नाही", आणि सही करायचे. त्या सहीशिवाय पान मशीनवर चढत नसे. पुढे छापलेल्या पुस्तकात चूक निघाली तर मालक पहिल्यांदा सही बघायचे आणि ज्याची सही त्याला बोलवायचे. वाचणाऱ्याला कुणी काही विचारत नसे. शाबासकी नाही की शिव्या नाहीत. नवखी असताना ताईला वाटायचं, वा, बरंय की, डोक्याला ताप नाही. पुढे पुढे तिला त्याचाच ताप व्हायला लागला.

ती इथे आली ती छापलेले कागद घड्या घालायला. शिक्षण सातवी. एके दिवशी मास्तरांचा वाचणारा आलाच नाही, आणि मास्तर बाहेर येऊन ओरडले, "इंग्रजी अक्षरं ओळखणारं कुणी आहे का रे इथे?" हिने हात वर केला. खोटं नव्हतं ते. अक्षरं ओळखत होती, इंग्रजी ओळखत नव्हती एवढंच! पहिल्या दिवशी तिने एकेक अक्षर सुटं सुटं वाचलं. संध्याकाळपर्यंत पानं झाली चार, आणि मास्तरांच्या डोक्यावर होते नव्हते तेही केस गेले, असं बांधणीतल्या बायका सांगतात. पण त्या चार पानांत एकही चूक राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या हाताने स्टूल पुसून ठेवलं.

इंग्रजी तिला कुणी शिकवलं नाही. मास्तर चांगले होते, पण त्यांना वेळ कुठे? तिला शिकवलं ते पुस्तकांच्या शेवटच्या पानांनी. छापखान्यात शाळेची व्याकरणाची पुस्तकं यायची. प्रत्येक धड्याखाली प्रश्न असायचे आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांची उत्तरं. जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन उरकायचा, वाया गेलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न सोडवायचे आणि मग मागचं पान उघडून बघायचं. मागचं पान म्हणेल बरोबर, तर बरोबर. मागचं पान म्हणेल चूक, तर मान खाली घालून पुन्हा सोडवायचं. त्या पानाशी तिने कधी वाद घातला नाही.

तिचा सगळ्यात लाडका धडा जोडकर्त्यांचा. वाक्यात करणारे एकाहून जास्त असले की क्रियापद इज लावायचं की आर, याचा. भल्याभल्यांची तिथे दांडी उडते. ताईने तो आपल्या पद्धतीने मुरवला होता. बांधणीतल्या एकीच्या लेकाची परीक्षा होती, तेव्हा तिने त्या पोराला उभ्या उभ्या शिकवला, तो मी स्वतः ऐकलाय.

"हे बघ," ती म्हणाली. "अँड आला की दोघं मोजायचे. सासू अँड सून, आर. भांडत असल्या तरी आर. ऑर आला की मोजत बसायचं नाही, क्रियापदाच्या जवळ जो उभा आहे त्याच्याकडे बघायचं. तो एकटा असेल तर इज, घोळका असेल तर आर. अलाँग विथ, अ‍ॅज वेल अ‍ॅज, हे सोबत आलेले पाहुणे. पाहुण्यांना बस म्हणायचं, पण मोजायचं नाही. मोजायचं घरच्याला. आणि ईच, एव्हरी आला की समोर शंभर जण असू देत, एकेकाला दंडाला धरून पुढे आणायचं. इज."

"आणि अँड असून इज असतं ते?" पोराने विचारलं. पोरगं हुशार होतं.

"सुईदोरा कुठे आहे म्हणतोस की कुठे आहेत म्हणतोस?"

"कुठे आहे."

"का? दोन वस्तू आहेत ना?"

पोरगं हसलं. ते पोरगं तो धडा जन्मात विसरायचं नाही.

ताईचा नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. स्वभावाने गमत्या. तो म्हणायचा, "नवरा अँड बायको आर, हे पुस्तकात ठीक आहे. आमच्या घरात निर्णय घ्यायची वेळ आली की इज." ती म्हणायची, "मग? दोघांनी घेतले असते तर अजून भाड्याच्या खोलीतच असतो." पण तिच्या मनातलं त्यालाच ठाऊक होतं. रात्री पाय चेपत ती एकदा म्हणाली होती, "एवढी वर्षं वाचतेय मी. उद्या मेले तर त्या इमारतीत एका कागदावरसुद्धा माझी सही सापडायची नाही."

आणि एका सोमवारी सकाळी बातमी आली. मास्तर पुढच्या शनिवारी निवृत्त होणार, खुर्ची रिकामी होणार.

त्या दिवशी दुपारी, डबासुद्धा न उघडता, ताई मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. आढेवेढे नाहीत, बस म्हणायची वाट बघणं नाही. "साहेब, मास्तरांची जागा मला पाहिजे."

मालक माणूस वाईट नाही, पण कागदाचा भोक्ता. "ताई, काम तुमचं उत्तम आहे. पण त्या जागेला पदवी लागते हो. माझ्याकडे अर्ज आलाय एका मुलीचा. इंग्रजीत एम.ए. आहे."

"असू दे की. तुमच्याकडे छापलेल्या व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकाचं प्रत्येक पान मी मोठ्याने वाचलंय. एम.ए.वाल्यांनी मनात तरी वाचलंय का, विचारा. दोघींना एकच पान द्या, नि बघा."

मालकांना हसू आलं. पण गोष्ट पटण्यासारखी होती. पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरला. मास्तरांनी नुकत्याच झालेल्या शाळेच्या व्याकरणातला एक धडा घ्यायचा, त्यात मुद्दाम पंधरा चुका पेरायच्या, एक तास द्यायचा. जिला जास्त चुका सापडतील तिला खुर्ची.

मास्तरांनी कुठला धडा निवडला असेल? बरोबर. जोडकर्त्यांचा. ताईला झुकतं माप दिलं म्हणाल तर तसं नाही. त्या धड्यात चुका लपवणं सगळ्यात सोपं, म्हणून तो.

गुरुवारी दहाला ती मुलगी आली. चष्मा, व्यवस्थित इस्त्री, हातात स्वतःचं लाल पेन. नाकाने कांदे सोलणारी असती तर ताईला बरं वाटलं असतं, निदान राग तरी करता आला असता. पण ती म्हणाली, "नमस्कार ताई, तुमच्याबद्दल ऐकलंय मी," आणि वर तिला आपल्याआधी पंख्याखालची जागा घ्यायला लावली. झालं, रागाची सोयच गेली.

ताईला मनात वाचायची सवय नव्हती. ओठ हलायला लागले. मुलीने एकदा वर बघितलं, मग स्वतःहून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. ताई पुटपुटत राहिली, आणि कानाला जिथे ठेच लागेल तिथे पेन टेकवत गेली. कंसाचं एक तोंड गायब. एका ओळीत शब्द दोनदा. पाहुण्याला मोजून आर लावलेलं. चाळीस मिनिटांत पंधराच्या पंधरा! तिने पुन्हा मोजल्या. पंधरा. छातीत असं काही भरून आलं की ती पाणी प्यायली, नाहीतर तिथेच ओरडली असती. खुर्ची खिडकीपाशी रिकामीच होती आणि तिला वाटलं, झाली, माझी झाली.

वीस मिनिटं उरली होती. गप्प बसून राहायचं, एवढंच काम होतं. पण हाताला चाळा. धड्याखालचे वीस प्रश्न समोर दिसत होते आणि हे पुस्तक तिने सोडवलंच नव्हतं. ज्या दुपारी सोडवायचं त्या दुपारी ती केबिनमध्ये खुर्ची मागत होती. तिने कागदाची कोरी बाजू घेतली आणि वीसच्या वीस सोडवले. मग उठून खिळ्याला लटकवलेल्या सही झालेल्या पानांतून शेवटची पानं काढली, उत्तरांची, आणि जुळवायला लागली.

एक ते सहा जुळले. सात चुकला.

तिने पुन्हा सोडवला. तिचंच बरोबर येत होतं. आठ चुकला, नऊ जुळला, दहा चुकला. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की मागचं पान खोटं बोलतंय. मग तिच्या लक्षात आलं, उत्तरं खोटी नाहीत, ती एकेक घर खाली सरकलीत. सातव्या प्रश्नाचं उत्तर आठव्यापुढे, आठव्याचं नवव्यापुढे. मधूनच जुळलेला नऊ म्हणजे निव्वळ योगायोग.

हे कसं झालं? तिने मूळ प्रतीची फाईल ओढली. उत्तरांच्या पानामागे, चिमट्याखाली, लेखकाची तळहाताएवढी चिठ्ठी. "प्रश्न सात काढून टाकला आहे. शेवटी नवा घातला आहे. मागची उत्तरंही त्याप्रमाणे बदलावीत."

ही चिठ्ठी त्या सोमवारी तिच्या हातात होती. नियम पक्का आहे, पान वाचायच्या आधी चिठ्ठ्या वाचायच्या. तिनेच तो नियम चार नव्या लोकांना शिकवला होता. आणि त्या सकाळी, मास्तर जाणार हे कळल्यावर, तिच्या डोळ्यापुढे अक्षरं होती आणि डोक्यात खुर्ची होती. चिठ्ठी मागे सरकवून तिने थेट एक नंबरपासून सुरुवात केली होती. मूळ प्रतीत उत्तरं जुनी, प्रुफावरही जुनीच. दोन्ही तंतोतंत जुळली. मास्तरांना दिसणार काय, कपाळ? प्रत ज्याच्या हातात, त्यालाच दिसलं असतं. मास्तरांनी विश्वासाने सही केली होती.

पलीकडच्या खोलीत त्याच पानाची छपाई नुकतीच सुरू झाली होती. पानं तिच्या मांडीवर होती. परत खिळ्याला लटकवली असती तर काय झालं असतं? काही नाही. झाकली मूठ. पुढे कधी कुणी बोंब मारलीच तर सही मास्तरांची, आणि मास्तर तोवर घरी नातवंडं खेळवत बसलेले. आणि दाखवलं तर? तर आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. खुर्चीला हात लागायच्या आधी खुर्चीवरून उठायचं.

हे सगळं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. साधारण पाणी पिऊन ग्लास ठेवायला लागतो तेवढा वेळ राहिलं. मग ती स्वतःवरच चिडली. "अगं गाढवे," असं ती मोठ्याने म्हणाली, मुलगी दचकली, आणि ताई पानं घेऊन तरातरा मशीनच्या खोलीत गेली.

"थांबवा ते. मशीन थांबवा म्हणते ना!"

मशीनवाला तिला सव्वीस वर्षं ओळखत होता. त्याने कारण न विचारता बटण दाबलं. एवढ्या आवाजात अचानक शांतता झाली म्हटल्यावर मालक केबिनमधून बाहेर आले, त्यांच्यामागून मास्तर.

ताईने सांगितलं ते सरळ सांगितलं. प्रश्न बदलले, उत्तरं बदलली नाहीत, सातपासून पुढे घसरगुंडी आहे. मालकांनी पान हातात घेतलं आणि सवयीने तळाशी बघितलं.

"मास्तर, सही तुमची."

मास्तरांचा चेहरा पडला. अडतीस वर्षांत दोनदाच त्यांना असं बोलावलं गेलं होतं, आणि आता परवा घरी जायचं. तरी ते ताठ उभे राहिले. "सही माझी, म्हणजे चूक माझी," ते म्हणाले. "तसाच नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात," ताई म्हणाली. "चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती वाचली नाही. जुन्याला जुनं जुळलं, त्यांना कळणार कसं? सही त्यांची आहे, चूक माझी आहे."

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका," मास्तर हळूच म्हणाले.

"मध्ये कुठली? सुरुवातीपासून मीच आहे."

मालक एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मागे ती एम.ए. मुलगी येऊन उभी होती, दोघींचे कागद हातात घेऊन. मालकांनी ते घेतले, मोजले. ताईच्या पंधरा, मुलीच्या चौदा.

"म्हणजे खुर्ची तुमची झाली होती," मालक म्हणाले. "आणि आजच हे. ताई, गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं?"

"पोरांना," ताई म्हणाली. "शहाण्या घरच्या पोरांना नाही. त्यांना बाई सांगतील, बाप सांगेल, की पुस्तक चुकलंय. पण ज्याला सांगायला कुणी नाही, ते पोरगं बरोबर उत्तर लिहील, मागचं पान बघेल, आणि आपलं बरोबर आपल्या हाताने खोडेल. आणि वर म्हणेल, मला काही येत नाही." तिने मालकांच्या हातातल्या पानावर बोट ठेवलं. "मी तशीच शिकले, साहेब. मला त्या पानाशिवाय कोण होतं? त्या पानाने एकदा जरी मला फसवलं असतं ना, तर मी घड्या घालायला परत गेले असते."

मशीनवाला उगाचच चिंधीने हात पुसत बसला.

"उत्तरं मी बघितलीच नसती," ती मुलगी म्हणाली. "ती आम्हाला दिलेल्या पानांत नव्हतीच." तिने हे अगदी खरं असल्यासारखं सांगितलं, कारण ते खरंच होतं.

मालकांनी काही ठरवल्याचं बोलून दाखवलं नाही. त्यांनी पान ताईला परत दिलं. "आधी हे नीट करा. मशीन उभं आहे."

चौघं प्रुफाच्या खोलीत आले. ताईने मास्तरांचं लाल पेन उचललं आणि नेहमीच्या सवयीने टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहून, वाकून, सातपासून उत्तरं दुरुस्त करायला लागली. सात, आठ, नऊ. बाहेरून ऊन थेट कागदावर येत होतं आणि तिचीच सावली अक्षरांवर पडत होती.

"बसा की," मालक म्हणाले. "उभ्याने कसली प्रुफं बघता?"

तिने स्टूल ओढायला हात घातला.

"तिथे नाही," मालक खिडकीकडे हात करून म्हणाले. "तिथे."

ताईने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवरचा आपला टॉवेल काढून घेतला आणि घडी करत बाजूला झाले. ती बसली. खुर्ची तिच्या अंदाजापेक्षा खोल होती, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तिने वीसपर्यंत उत्तरं लावली, नव्या विसाव्याचं उत्तर स्वतः लिहिलं, आणि पान मास्तरांपुढे सरकवलं. त्यांनी नजर फिरवली, मान हलवली, आणि सही न करता पान तिच्याकडे परत सरकवलं.

तिने खाली लिहिलं, छापायला हरकत नाही. सही करायला पेन टेकवलं आणि उचललं. मशीन उभं होतं, मालक दारात उभे होते, तरी तिने तो कागद बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि वीसच्या वीस प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवायला घेतले. कुणी तिला घाई केली नाही. आता काही राहिलं असतं तर ते तिच्या नावावर राहिलं असतं, आणि एवढी वर्षं तिला हवं होतं ते हेच. वीसही जुळले. मग तिने सही केली, पूर्ण नावाची.